उजळणी : पाटणच्या मठापासून पिंप्राळ्याच्या ओट्यापर्यंत

मराठीत 'उजळणी' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. झालेला अभ्यास पुन्हा करणे हा एक, आणि पाढे, पावकी, निमकी ज्यात छापलेली असत ते लहानसे पुस्तक हा दुसरा. आपल्या घरांतून जी उर्दू बोलली जाते तिच्यात या कामाला 'दोहराना' म्हणतात, मदरशात 'आमोख्ता' म्हणतात. शब्द निराळे, काम एकच. आणि ते काम शाळेपेक्षा घरी अधिक होत असे. आज पिंप्राळ्यात सातवी-आठवीतील मुलाच्या आईवडिलांना विचारावे तर उत्तर बहुधा ठरलेले असते : "आम्हाला आता त्याचे गणित कळत नाही, म्हणून शिकवणीला घातले आहे." शिकवणीला घालणे वाईट नव्हे. परंतु ज्या घराला बीजगणित येत नाही त्या घराला मुलाच्या गणितात काही कामच उरले नाही, हा समज खानदेशच्या इतिहासाला धरून नाही. तो इतिहास आपल्या पालकांना व विद्यार्थ्यांना ठाऊक असावा, एवढ्यासाठी हा लेख.

चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी पाटण नावाचे जुने गाव होते. आज तेथे पाटणादेवीचे देऊळ आहे आणि भोवती गौताळ्याचे जंगल. या देवळातील एका शिलालेखाकडे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधातून विद्वानांचे लक्ष वेधले. लेख शके ११२८ मधील दानाचा, म्हणजे इ. स. १२०७ चा आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचे सिद्धान्तशिरोमणी इत्यादी ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्याने पाटण येथे मठ स्थापन केला, आणि त्या मुलखाचा निकुंभ घराण्यातील मांडलिक सोइदेव याने मठाला उत्पन्न लावून दिले, असे हा लेख सांगतो. सोइदेवानंतर त्याचा भाऊ हेमाडिदेव याचेही नाव लेखात आहे.

या लेखातील घराण्याची नामावळी नीट पाहण्याजोगी आहे. भास्कराचार्यांचे वडील महेश्वर. त्यांच्यापाशीच आपण विद्या शिकलो असे भास्कराचार्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर, आणि लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव. चाळीसगाव तालुक्यातच गिरणाकाठच्या बहाळ येथे शके ११४४ चा, म्हणजे इ. स. १२२२ चा दुसरा एक लेख आहे. तो अनंतदेवाचा, हा भास्कराचार्यांच्या भावाच्या वंशातला. म्हणजे चार पिढ्या ही विद्या प्रथम घरात राहिली आणि मग मठात गेली.

तथापि मला स्वतःला लेखाचा शेवटचा भाग अधिक मोलाचा वाटतो. वरचा मजकूर संस्कृतात आहे, पण मठाला बाजारातून काय मिळावे हे सांगताना लेख जुन्या मराठीत उतरतो. तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यावे. माल मोजावयाचा तो मठाच्या मापाने मोजावा, आणि मोजणावळीतला अर्धा वाटा मठाचा, अर्धा मोजणाऱ्याचा. आता पाटणच्या तेल्याला सिद्धान्तशिरोमणी समजत नसणार हे उघड आहे. त्या काळी असले शास्त्राध्ययन एका वर्गापुरतेच असे, हेही विसरून चालणार नाही. परंतु ज्यांना ग्रंथ कळत नव्हता त्यांच्या पळीभर तेलावर ग्रंथाचे अध्ययन चालले होते. आपले पालक तेल देतात, म्हणजे फी भरतात, वह्या घेऊन देतात. यापलीकडेही त्यांना काही करता येते, ते पुढे सांगतो.

भास्कराचार्यांचा 'लीलावती' हा अंकगणिताचा ग्रंथ सुमारे ११५० सालचा. त्याची शिकविण्याची रीत अशी की आधी नियम सांगावयाचा आणि लगेच समोरच्याला प्रश्न घालावयाचा. पुष्कळ उदाहरणांत प्रश्न एखाद्या मुलीला किंवा सखीला विचारलेला आहे. एका प्रसिद्ध उदाहरणाचा आशय असा : भुंग्यांच्या थव्यातला पाचवा हिस्सा एका झाडाकडे गेला, तिसरा हिस्सा दुसऱ्याकडे, या दोहोंतील फरकाची तिप्पट तिसऱ्याकडे, आणि एक भुंगा हवेत घिरट्या घालीत राहिला, तर एकूण भुंगे किती? आपला आठवीतला विद्यार्थी येथे 'क्ष' मानून समीकरण मांडील. भास्कराचार्यांनी अशा गणितांसाठी 'इष्टकर्म' सांगितले आहे, म्हणजे मनात येईल ती संख्या धरून पाहणे. समजा ३० धरले. पाचवा हिस्सा ६, तिसरा हिस्सा १०, फरक ४, त्याची तिप्पट १२. एकूण २८ गेले, उरले २. आपल्याला उरावयास हवा १. तेव्हा ३० चे निम्मे, १५. ताळा पाहावा : ३ आणि ५ आणि ६ आणि १, पंधरा झाले.

समीकरण न येणारा बापही हा ताळा पाहू शकतो. मुलाने १५ उत्तर काढले तर "पंधराचा पाचवा हिस्सा किती, तिसरा किती, सगळे मिळून पंधरा होतात का, दाखव" एवढेच म्हणावयाचे आहे. उत्तर काढणे अवघड असते, पण आलेले उत्तर खरे की खोटे हे पाहणे पुष्कळदा सोपे असते. गणिताच्या गृहपाठात घरच्या माणसाला मिळणारी पहिली जागा ती हीच.

लीलावती नावाच्या मुलीची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. लग्नाची घटिका मोजण्यासाठी वडिलांनी घटिकापात्र लावले, मुलीच्या अंगावरील मोती त्यात पडून भोक बुजले, मुहूर्त टळला, आणि दुःखी मुलीचे नाव चिरंतन राहावे म्हणून वडिलांनी तिच्या नावाचा ग्रंथ लिहिला. ही गोष्ट मूळ संस्कृत ग्रंथात नाही. ती आपल्याला मिळते अबुल फैज फैजीच्या फारसी लीलावतीच्या प्रस्तावनेतून. अकबर बादशहाच्या आज्ञेवरून फैजीने हा अनुवाद १५८७ साली केला. पुढे १५९१ मध्ये बादशहाने त्याला वकील म्हणून दक्षिणेत पाठविले, आणि त्या वकिलातीत तो बुऱ्हाणपूरला खानदेशचा फारूकी सुलतान राजा अली खान याच्याकडे आला. याच फारूकी घराण्याची सत्ता चौदाव्या शतकाच्या अखेरीस तापीकाठच्या थाळनेर येथून सुरू झाली होती. आज थाळनेर धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात आहे. पाटणच्या मठाला पावणेचारशेहून अधिक वर्षे लोटल्यावर लीलावतीचा अनुवादक त्याच खानदेशच्या दरबारी आला, हा योगायोग असला तरी आपण लक्षात ठेवण्याजोगा आहे.

फैजीनंतर बीजगणिताचा क्रम लागला. भास्कराचार्यांचे 'बीजगणित' १६३४-३५ च्या सुमारास शहाजहानच्या कारकीर्दीत अताउल्ला रशीदी याने फारसीत आणले. ताजमहालाचे शिल्पकार म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरी यांचा हा मुलगा. अजिंठ्याचा डोंगर ओलांडून पलीकडे गेले की औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, बीबी का मकबरा लागतो. त्याच्या दरवाजावरील लेखात अताउल्ला आणि हंसपतराय अशी दोन नावे कोरलेली आहेत. गणित हा कोणा एका धर्माचा किंवा भाषेचा विषय आहे असे ज्याला वाटते त्याने ही दोन नावे शेजारी शेजारी वाचावीत.

उलट दिशेचा प्रवास याहून जुना आहे. हिंदुस्थानातील अंक व दशमान पद्धती अरबांनी घेतली, तिला हिंदी हिशेब असेच नाव दिले, आणि त्यांच्याकडून ती युरोपात गेली. बगदादच्या अल-ख्वारिज्मीने नवव्या शतकात 'अल-जब्र'वर जो ग्रंथ लिहिला त्यावरूनच या शाखेला जगभर नाव मिळाले. बुखाऱ्याजवळ ९८० साली जन्मलेल्या इब्न सीनाने आत्मवृत्तात लिहिले आहे की, हिंदी पद्धतीचा हिशेब शिकण्यासाठी वडिलांनी आपल्याला एका भाजी विकणाऱ्याकडे पाठविले होते. पुढे ज्याला साऱ्या जगाने वैद्यांचा गुरू मानले त्याचा अंकगणिताचा उस्ताद भाजीवाला होता! आपल्याकडे बागवान आहेत, मणियार आहेत, कापसाच्या हिशेबात हात बसलेले पिंजारी आहेत. तराजूपाशी बसून तोंडी हिशेब करणाऱ्या या माणसांना आपण स्वतःच "अडाणी" म्हणवून घेतो, आणि मुलेही तसेच मानू लागतात.

अल-ख्वारिज्मीच्या ग्रंथाचा मोठा भाग वसीयत व वारसा यांच्या हिशेबाचा आहे. कुराण शरीफातील सूरह निसामध्ये वारसांचे जे हिस्से सांगितले आहेत ते निम्मा, चौथा, आठवा, दोन तृतीयांश, तिसरा आणि सहावा असे अपूर्णांक आहेत. समजा, कर्ज व वसीयत भागवून ७,२०,००० रुपये उरले. मागे पत्नी, आई, वडील, एक मुलगा व एक मुलगी आहेत. पत्नीचा आठवा हिस्सा, आईचा सहावा, वडिलांचा सहावा. ८ आणि ६ यांचा लसावि २४. चोविसातले ३, ४ आणि ४ असे ११ गेले, १३ राहिले. ते मुलगा व मुलगी यांत दोनास एक या प्रमाणात, म्हणजे तीन भागांत वाटावयाचे; १३ ला ३ ने भाग जात नाही, म्हणून २४ चे ७२ करावे. आता पत्नीला ९, आईला १२, वडिलांना १२, मुलाला २६, मुलीला १३. बेरीज ७२. रुपयांत अनुक्रमे ९०,०००, १,२०,०००, १,२०,०००, २,६०,००० आणि १,३०,०००. लसावि कशाला शिकावयाचा, असे जो विद्यार्थी विचारतो त्याला घरी हे उदाहरण घालावे. मुलीचा हिस्सा अचूक काढता येणे ही आपल्या समाजात नुसती गणिताची बाब नाही.

आता गावठी शाळेकडे येऊ. पेशवाईत व त्यानंतरही बराच काळ पंतोजीच्या शाळेत मुले धूळपाटीवर अक्षरे व अंक गिरवीत. पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, मग सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. हे सर्व तोंडपाठ. संध्याकाळी दिवेलागणीला घरात 'परवचा' म्हणावयाचा, म्हणजे दिवसाचे पाठांतर वडीलधाऱ्यांसमोर मोठ्याने म्हणावयाचे. ऐकणारी आजी पुष्कळदा निरक्षर असे. पण रोज ऐकून तिचा कान इतका तयार झालेला असे की पोर "सात नव्वे बासष्ट" म्हणाले की ती थांबवी. मुसलमान व्यापाऱ्याच्या, कारागिराच्या घरालाही हाच हिशेब लागे, कारण बाजार एकच होता. आणि मराठी हिशेबाची भाषा तर आपल्याला परकी नव्हतीच. हिशेब, रक्कम, जमा, खर्च, वजा, बाकी, बेरीज हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत येऊन मुरलेले. 'वजाबाकी' या एका शब्दात दोन अरबी शब्द बसले आहेत.

हे सारे मोडले कसे? इंग्रजी अमदानीत छापील पुस्तके व परीक्षा आल्या. १८८२ च्या हंटर आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणासाठी वेगळ्या शिफारशी केल्या, त्यांत देशी मुसलमानी शाळांनी व्यावहारिक विषय घ्यावेत असेही होते. पण घरातल्या परवच्याला खरा धक्का बसला तो १ एप्रिल १९५७ रोजी. त्या दिवसापासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. तोवर रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. चाळीस शेरांचा मण. सोळा आणे आणि चाळीस शेर ज्या बाजारात चालतात तेथे पाव-निम-पाऊण अंगवळणी पडलेच पाहिजेत. पाठोपाठ किलो-लिटर आले आणि उजळणीच्या पुस्तकाचा उत्तरार्ध निरुपयोगी ठरला. सुधारणा योग्यच होती, हिशेब सोपा झाला. मात्र पावकी-निमकीबरोबर ती ऐकणारी आजीही अभ्यासातून बाहेर गेली, याची दखल कोणी घेतली नाही.

त्याचा परिणाम किती हे नेमके सांगता येणार नाही. पण 'असर' या पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात आठवीतील फक्त ४५.८ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. आठवीत अडते ते बीजगणित नव्हे. अडतो तो चौथी-पाचवीतला भागाकार, आणि वर बीजगणिताचे नाव होते.

आपल्या मुलांची आणखी एक अडचण आहे. उर्दू शाळेतून मूल मराठी वर्गात गेले की जर्ब, तकसीम, कसर, मुसल्लस हे शब्द सोडून त्याला गुणाकार, भागाकार, अपूर्णांक, त्रिकोण धरावे लागतात. गणित तेच, पण प्रश्न वाचताच मूल गप्प होते आणि घरी निष्कर्ष निघतो की डोके चालत नाही. संख्यांच्या नावांचेही तसेच. मराठीतले एकोणऐंशी आणि उर्दूतले उन्नासी एकच, हे मोठ्या मुलालाही क्षणभर थांबवते. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसबरोबर 'वीस सात' असे वाचन आले तेव्हा महाराष्ट्रभर चेष्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचे म्हणणे साधे होते : बोलताना एकक आधी आणि लिहिताना दशक आधी, यात लहान मूल गोंधळते. वादात कोणाची बाजू घ्यावी ते घ्यावे, पण गोंधळ खरा आहे, आणि दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचा तो दुप्पट आहे.

तेव्हा घराने काय करावे? याचा नमुना आपल्याच घरात आहे. हिफ्ज करणारा मुलगा रोज तीन गोष्टी ऐकवतो : आजचा नवा सबक, मागच्या काही दिवसांचा सबक, आणि फार पूर्वी पाठ झालेल्या भागाची मंजिल. एकही दिवस मंजिल चुकली की उस्ताद रागावतात, कारण विसर मागच्या बाजूने लागतो हे त्यांना माहीत असते. गणिताची उजळणी याच तीन पायऱ्यांनी करता येते. शाळेत आज शिकविलेल्या रीतीची दोन उदाहरणे, गेल्या आठवड्यातले एक, आणि मंजिल म्हणून मागील इयत्तेतले एक : भागाकार, अपूर्णांकांची बेरीज, शेकडेवारी. पाऊण तास पुरतो. परंतु येथे एक भेद ध्यानात ठेवावा. पाढे, वर्ग, घन पाठ असावेत. त्याने डोके मोकळे होते. भूमितीची सिद्धता मात्र आयतांसारखी पाठ करू नये. ती मुलाने आपल्या शब्दांत सांगावी, आणि ऐकणाऱ्या अम्मीने जेथे कळले नाही तेथे "हे कसे झाले?" असे विचारावे. मूल समजावून सांगू शकले तर त्याला आले, अडखळले तर त्या ओळीखाली रेघ मारून दुसऱ्या दिवशी सरांना विचारावयाचे. येथे अम्मीचे न कळणेच उपयोगी पडते.

गुणाकार तपासण्यासाठी नवाचा ताळा अजूनही उत्तम. ३४७ गुणिले २६ बरोबर ९०२२ असे मुलाने लिहिले. ३, ४, ७ मिळून १४, त्याचे ५. २ आणि ६ मिळून ८. पाच आठे ४०, त्याचे ४. उत्तरातले ९, ०, २, २ मिळून १३, त्याचेही ४. ताळा जमला. अंकांची अदलाबदल झाली, ९०२२ चे ९२०२ झाले, तर हा ताळा चूक पकडीत नाही, एवढे मुलाला सांगून ठेवावे. का पकडीत नाही हे त्यालाच शोधू द्यावे.

रमजानात जकातीचा हिशेब मुलाकडून करवून घ्यावा. चाळिसावा हिस्सा म्हणजे अडीच टक्के. ८०,००० चे निम्मे ४०,०००, त्याचे निम्मे २०,०००, एक शून्य काढले की २,०००. सोन्याचा निसाब साडेसात तोळे, चांदीचा साडेबावन्न. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, म्हणून सोने ८७.४८ ग्रॅम आणि चांदी ६१२.३६ ग्रॅम होते. जळगावच्या सराफ बाजारात आज तोळा म्हणजे १० ग्रॅम, म्हणून साडेसात तोळ्यांचे ७५ ग्रॅम धरणारे पुष्कळ भेटतात. दशांश गुणाकाराचे याहून चांगले उदाहरण पुस्तकात मिळणार नाही.

राहिली भाषेची अडचण. १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीची पाठ्यपुस्तके मराठीप्रमाणे उर्दूतही निघतात व तिच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. उर्दूत शिकलेल्या वडिलांनी आपल्या मराठी शाळेतील मुलाच्या इयत्तेचे उर्दू पुस्तक मिळवावे, दोन्ही पुस्तकांत एकच प्रकरण उघडावे आणि शेजारी शेजारी ठेवावे. आकृती तीच, आकडे तेच. मुलाने मराठी वाचावे, वडिलांनी उर्दू. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखून शब्द लिहीत जावे : मुसल्लस त्रिकोण, दायरा वर्तुळ, मुसावात समीकरण. उत्तरसूची मात्र पुस्तकाच्या शेवटी असते. गणित पुरे होईपर्यंत ती पाने वडिलांनी आपल्या हाताखाली दाबून ठेवावीत.